घरून गेलेल्या पत्रांनाही दप्तरात जागा द्या

प्रति,
अभिलेखागारांचे आणि विद्यापीठ ग्रंथालयांचे प्रमुख,
तसेच परराष्ट्र सेवेत असलेल्या व होऊन गेलेल्या अधिकाऱ्यांच्या घरची सर्व मंडळी,

सप्रेम नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते, आता निवृत्त आहे. माझा थोरला भाऊ 1968 साली भारतीय परराष्ट्र सेवेत दाखल झाला. दारव्ह्याहून शकुंतला या आमच्या छोट्या आगगाडीनं मूर्तिजापूर आणि तिथून मोठ्या गाडीनं पुढं, असा तो घराबाहेर पडला. छत्तीस वर्षं नोकरी करून 2004 मध्ये निवृत्त झाला. दोन वर्षांपूर्वी तो गेला. त्याचं दिल्लीचं घर आवरताना भाच्याला पलंगाखाली पत्र्याची एक ट्रंक सापडली. तिच्यात आमच्या गावाहून दादाला गेलेली 412 पत्रं निघाली. पहिलं 1969 चं, शेवटचं 1993 चं. बरीचशी निळी एरोग्राम (परदेशी टपालाची घडीची पत्रं), काही पाकिटं, काही वहीचे फाडलेले कागद. त्यातली निम्म्याहून जास्त माझ्या हातची आहेत.

दादाची कागदपत्रं एखाद्या संस्थेला द्यावीत असं त्याच्या मुलांच्या मनात आलं. एका संस्थेची माणसं घरी आली. त्याच्या रोजनिश्या घेतल्या, भाषणांचे कच्चे खर्डे घेतले, मोठ्या माणसांबरोबरचे फोटो घेतले. ट्रंक उघडून वरची दोन-तीन पत्रं वाचली आणि म्हणाली, ही घरगुती आहेत, यांचा आम्हाला उपयोग नाही; साहेबांनी स्वतः लिहिलेलं काही असेल तर द्या. बोलणं सभ्य होतं. नियमाप्रमाणेच असेल. त्या संस्थेचं नाव मी इथं घेत नाही, कारण दुसऱ्या कुठल्या दारात गेलो असतो तरी हेच ऐकावं लागलं असतं असं मला वाटतं. म्हणून हे पत्र सगळ्यांना.

ती पत्रं कशी लिहिली जात ते आधी सांगते. 1970 मध्ये मी दहावीत होते. घरात लिहिणारी मीच. रात्री जेवणं आटोपली की कंदील पुढं घेऊन बसायचं. बाबा सांगत ते आधी लिहायचं: पाऊस कधी पडला, डवरणी किती झाली, पऱ्हाटीला पात्या लागल्या का, तूर कशी आहे, बांधाच्या भांडणाची तारीख कधी लागली. मग माय. ती चुलीजवळूनच बोलायची. कोण बाळंत झाली, कुणाचं लग्न जुळलं, कुणाची म्हैस आटली आणि दादानं काय खायचं. एरोग्रामवर जागा ठरलेली असायची. बाबांचं सांगणं लांबलं की मायला घडीच्या पट्टीवर, डिंकाच्या कडेला, आडवं लिहावं लागे. त्या आडव्या ओळी आज सगळ्यात आधी झिजत आहेत, कारण कागद तिथंच दुमडतो.

एरोग्रामच्या आत काही ठेवायला मनाई असे, ते त्यावर छापलेलंच असे. मायला हे कधी पटलं नाही. तुळशीचं पान, अंगारा, एकदा जवसाच्या चटणीची चिमूट. बाबा बंद करताना काढून टाकत, ती पुन्हा घाली.

दादाची पहिली नेमणूक कैरोला, अरबी शिकण्यासाठी. कापूसवाल्याचं पोरगं कापूसवाल्यांच्याच देशात गेलं याचं बाबांना मोठं अप्रूप. अमेरिकेत 1861 ते 1865 यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला आणि वऱ्हाड व मिसर (इजिप्त) दोन्हीकडच्या कापसाला एकाच वेळी सोन्याचे दिवस आले, हे मला पुढं पुस्तकांतून कळलं. 1867 मध्ये आगगाडी नागपूरला पोचली, 1870 मध्ये खामगावच्या कापूसबाजारापर्यंत फाटा गेला, ती सगळी त्याच कापसाची धांदल. बाबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांचे प्रश्न वेगळे होते. तिकडं ओळी किती हातांवर टाकतात? बोंडअळीला काय करतात? दादानं लिहिलं की इथं पाऊस जवळजवळ पडतच नाही, नाईलचं पाणी पाटानं देतात, आणि पानांवरची अळीची अंडी वेचायला लहान पोरं लावतात. पावसावाचून कापूस, हे मायच्या गळी उतरेना. तिनं उलट विचारलं, तिकडच्या बाया वेचायला जाताना ओटी कशी बांधतात? ते पत्र ट्रंकेत आहे. जगाच्या दोन कापूसपट्ट्यांत वेचणाऱ्या बाईनं वेचणाऱ्या बाईबद्दल केलेली अशी चौकशी तुमच्याकडच्या किती फायलींत आहे?

28 सप्टेंबर 1970 ला इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष नासर गेले. आम्ही आकाशवाणीवर ऐकलं. बाबांनी दुसऱ्याच दिवशी पत्र सांगायला घेतलं. त्यात वर लिहिलंय की तिकडं गर्दी फार असेल, तू उगाच बाहेर पडू नको. आणि त्याच दमात खाली: खालच्या वावरात बोंडं फुटू लागली, दसरा झाला की सीतादही करून वेचणीला हात घालू. मला त्यात विसंगत काही वाटत नव्हतं, आजही वाटत नाही. आमच्या घरी त्या आठवड्यात याच दोन बातम्या होत्या.

दादा मात्र बरंच लपवत होता. त्या वर्षी जानेवारी ते एप्रिल इस्रायलची विमानं नाईलच्या खोऱ्यात आतपर्यंत येऊन बॉम्ब टाकत होती. कैरोत मोटारींच्या दिव्यांना निळा रंग लावलेला असे, रात्री अंधार पाळत. त्यानं आम्हाला यातलं अक्षर लिहिलं नाही. आम्हीही कमी नव्हतो. त्याच उन्हाळ्यात बाबा हिवतापानं महिनाभर अंथरुणाला होते, आमचा थोरला बैल मेला. दोन्ही गोष्टी त्याला पोळ्यानंतर कळवल्या, तेही बैलाची आधी आणि बाबांची नंतर.

ही लपवाछपवी चालायची नाही, हे मला ट्रंक उघडल्यावर कळलं. दादानं प्रत्येक पत्राच्या डोक्यावर लाल पेन्सिलीनं तारखा घातल्या आहेत: मिळाले अमुक तारखेला, उत्तर अमुक तारखेला. कचेरीतली सवय घरच्या पत्रांनाही लावली. पण 1971 च्या जानेवारीतल्या एका पत्राच्या समासात त्याच्या बारीक अक्षरात बेरीज-वजाबाकी आहे. बाबांनी कळवलं होतं एवढंच, की यंदा बारा एकरांत अकरा क्विंटल कापूस, तूर दोन पोती, बाकी ठीक. दादानं त्याला भावानं गुणलं, बी वजा केलं, निंदणी-डवरणीची मजुरी वजा केली, वर्षाचं धान्य वजा केलं. उणे आलेल्या आकड्याभोवती गोल काढला. पुढच्याच महिन्यात घरी पैसे आले होते. आम्ही मागितले नव्हते. सावकाराकडून उचल केल्याचं बाबांनी मला लिहूच दिलं नव्हतं. दादाला कसं कळलं, याचं कोडं माझ्या बाबांना मरेपर्यंत सुटलं नाही. मला ते चोपन्न वर्षांनी सुटलं.

आता मला सांगा, हे पत्र कुणी लिहिलेलं? बाबांनी सांगितलं, मी लिहिलं, दादानं त्यावर हिशेब मांडला. "साहेबांनी स्वतः लिहिलेलं" या चाळणीतून ते खाली पडतं.

पुढची पत्रं भराभर सांगते. 1972 च्या 15 ऑगस्टपासून पिनकोड आला, तेव्हापासून दादाच्या पाकिटांवर आमच्या गावापुढं 445 नं सुरू होणारे सहा आकडे दिसतात. त्याच वर्षी दुष्काळ. रोजगार हमीची कामं, रेशनवरची लाल मिलो ज्वारी, सुकडी, सगळं पत्रांत आहे. कापसाची एकाधिकार खरेदी, म्हणजे सगळा कापूस सरकारलाच विकायचा, ही योजना सुरू झाली, मग दरवर्षी हिवाळ्यात एकच विषय: गाडीचा नंबर कितव्या दिवशी लागला, ग्रेडरनं कोणती प्रत दिली, चुकाऱ्याचा पुढचा हप्ता कधी. कुणाला या योजनेचा इतिहास गावाच्या बाजूनं लिहायचा असेल तर आमच्या घरची वीस वर्षांची तारीखवार नोंद यात मिळेल, तीही कुणाला खूश करण्यासाठी न लिहिलेली.

1976 मध्ये माझं लग्न झालं. सासर तीन कोसांवर. बाजाराच्या दिवशी माय यायची आणि पत्र माझ्याकडूनच लिहून घ्यायची.

1980 मध्ये दादा बगदादला होता. तिथं पत्र दिल्लीच्या पत्त्यावर पाठवायचं आणि ते परराष्ट्र मंत्रालयाच्या बॅगेतून पुढं जायचं. बाबा तिला सरकारी झोळी म्हणत. राजनैतिक संबंधांबद्दलच्या 1961 च्या व्हिएन्ना कराराच्या 27 व्या कलमानुसार ही बॅग कुणालाही उघडता किंवा अडवता येत नाही. ती सरकारी कागदांसाठी, पण घरापासून लांब राहणाऱ्यांची चार पत्रंही तिच्यातून जात. 22 सप्टेंबरला इराण-इराक युद्ध पेटलं, विमानं बंद झाली, झोळीही अडकली. पाच आठवडे दादाचं काही आलं नाही. बाजार नसतानाही माय चालत माझ्याकडे आली आणि म्हणाली, लिही.

इथं मला एक कबुली द्यायची आहे. तोवर दहा वर्षं मी मायचं बोलणं माझ्या शाळेतल्या मराठीत बदलून लिहीत आले होते. ती म्हणायची, "पोटाले खाजो, बापा, आन थंडीचं डोकं बांधून ठेवजो." मी लिहायची, "आहार वेळेवर घ्यावा व थंडीपासून प्रकृतीस जपावे." ती म्हणायची, "काऊन रे, इसरला का मले?" मी लिहायची, "बरेच दिवसांत आपले पत्र नाही." मला वाटे, मोठ्या साहेबाला जाणारं पत्र शुद्ध हवं. वऱ्हाडीची मला लाज वाटत होती, असंच म्हणायला हवं. त्या दिवशी मी नेहमीप्रमाणे "आपले कुशल कळवावे" लिहिलं आणि वाचून दाखवलं. माय म्हणाली, मी असं नाही म्हणलं. मी म्हणतो तसंच लिव. म्हणून ट्रंकेतलं हे एकच पत्र अक्षरशः तिचं आहे:

"बापा, तू जिता हायस का, थे एवढंच लिव. बाकी काई नको लिवू. लढाई तुयी नोहे. तुया सायबाले सांगजो, माय म्हातारी हाय. एका कागदावर नुसतं तुयं नाव लिवून धाड. मले वाचता येत नाई पन तुयं अक्षर मी ओयखतो."

त्यावर लाल पेन्सिलीची तारीख 5 डिसेंबर 1980 आहे. आम्ही 2 नोव्हेंबरला टाकलं होतं. दादानं त्याच दिवशी उत्तर दिलं, आणि त्यात खरोखर फक्त त्याचं नाव होतं, कागदाच्या मधोमध, मोठ्या अक्षरात. मायनं तो कागद देव्हाऱ्यात ठेवला. तो माझ्याकडे आहे. एक कागद तिकडचा, एक इकडचा. तुमच्या नियमानं यातला दादाचा कागद दप्तरात जाईल, कारण तो त्यानं लिहिला. नुसतं नाव. आणि ते का लिहिलं हे सांगणारा कागद घरगुती म्हणून परत येईल.

मी इतिहास शिकवत होते, म्हणून एक गोष्ट तुमच्यापुढं मांडते. परदरबारी माणूस ठेवणं आणि त्याच्याशी पत्रव्यवहार करणं आपल्याकडं नवं नाही. हिंगणे घराणं पेशव्यांची दिल्लीची वकिली करत होतं. नागपूरकर भोसल्यांचे वकील बेनीराम पंडित कलकत्त्याला वॉरन हेस्टिंग्जकडे होते. साडेतीन शहाण्यांतले देवाजीपंत चोरघडे आमच्या विदर्भातल्या नरखेडचे. या मंडळींबद्दल आपल्याला इतकं कळतं त्याचं कारण तेव्हा घर आणि कचेरी एकाच वाड्यात होती आणि दप्तर एकच होतं. राजकारणाच्या कागदाशेजारी लग्नाची याद, आजारपणाची चिठ्ठी, आजीनं नातवाला केलेला उपदेश, सगळं एकाच रुमालात बांधलं गेलं. सवाई माधवरावांना गोपिकाबाईंनी कसं वागावं, कसं बसावं-उठावं हे लिहून पाठवलं, ते आपण आजही वाचतो. 1930 च्या दशकात इतिहासकार गो. स. सरदेसायांनी पेशवे दप्तरातून निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड काढले, त्यांत कौटुंबिक पत्रंही आली. कुणी त्यांना म्हणालं नाही की ही घरगुती, बाजूला ठेवा.

पुढं कचेरी वेगळी झाली. दूतावासाचा कागद सरकारी अभिलेख ठरला. 1993 च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यानं पंचवीस वर्षांनंतर तो राष्ट्रीय अभिलेखागाराकडे जाण्याची सोय झाली. घरचा कागद कुणाचाच राहिला नाही. आमच्याच जिल्ह्यातले, वणीचे लोकनायक बापूजी अणे 1943 ते 1947 कोलंबोत हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी होते. स्वातंत्र्याच्या तोंडावरची ती चार वर्षं. त्या काळात वणी-यवतमाळहून समुद्रापलीकडे काय लिहून जात होतं, ते वाचायला मी आजही पायी जाईन.

म्हणून माझं मागणं. अभिलेखागारांनी एखाद्या मुत्सद्द्याची खासगी कागदपत्रं स्वीकारताना त्याला आलेली घरची पत्रं त्याच संग्रहाचा भाग म्हणून घ्यावीत, वेगळी काढू नयेत. वाचनयोग्य आहेत की नाहीत हे वरची दोन पाहून ठरवू नये. गावात राहिलेला दुसरा गठ्ठा, म्हणजे अधिकाऱ्यानं घरी लिहिलेली पत्रं, तोही शोधावा. दोन्ही जोडल्याशिवाय एकही नीट वाचता येत नाही. राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल हे संकेतस्थळ आहे, त्यावर दिल्लीत बसून कागद पाहता येतात आणि दारव्ह्यात बसूनही. तिथं या पत्रांना जागा मिळावी. मूळ कागद मात्र नागपूरच्या शासकीय पुराभिलेखागारात ठेवता आले तर मला जास्त आवडेल, कारण ज्या गावांची नावं त्यांत आहेत तिथली पोरं एसटीनं जाऊन ते पाहू शकतील. आणि संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या मराठी विभागाला माझी वेगळी विनंती आहे, ती शेवटी लिहिते.

या पत्रांत दुसऱ्यांच्याही गोष्टी आहेत. एका चुलत बहिणीचं मोडलेलं लग्न आहे, कुणाच्या कर्जाचा आकडा आहे, बांधावरून भांडलेल्या माणसांची नावं आहेत; त्यांची नातवंडं आज आमच्या शेजारी राहतात. असे कागद काही वर्षं बंद ठेवण्याची अट घरच्यांना घालता आली पाहिजे, आणि ती पाळली गेली पाहिजे. आम्ही अशी 37 पत्रं वेगळी बांधली आहेत. ती जाळून टाकावीत असं घरात एकानं सुचवलं. मी नाही म्हटलं.

सेवेत असलेल्यांच्या घरच्यांना थोडं सांगते. तुमच्या ट्रंका उघडा. कसर आणि वाळवी लागली असेल तर आधी कागद सावलीत पसरा, उन्हात नको, शाई उडते. घडी तुटत असेल तर चिकटपट्टी लावू नका. ती काही वर्षांनी पिवळी पडून अक्षर खाते. तारीख नसलेल्या पाकिटावरचं तिकीट कापून पोरांना देऊ नका, शिक्क्यावरची तारीखच तेवढी उरलेली असते. आणि ज्यांची मुलं आज परदेशात नेमणुकीवर आहेत, त्यांची माय आता एरोग्राम लिहून घेत नाही, व्हॉट्सअॅपवर आवाज पाठवते. माझ्या मायचा आवाज कुणाकडेच नाही. तुमच्याकडे तो रोज येतो आहे आणि फोन बदलला की जातो आहे. तो दुसरीकडे उतरवून ठेवा, सोबत तारीख लिहा.

आता विद्यापीठाला केलेली विनंती. दहा वर्षं मी मायचे शब्द बदलले, हे वर लिहिलं. ते बदललेले शब्द मला अजून आठवतात. पत्र हातात घेतलं की कोणत्या शुद्ध वाक्याखाली तिचं कोणतं वाक्य आहे ते मी सांगू शकते; सगळं नाही, पण बरंच. हे माझ्याशिवाय कुणालाच करता येणार नाही, आणि माझं वय एकाहत्तर आहे. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून झाला, उजव्याचा पुढच्या महिन्यात आहे. दिवाळी झाली की कुणीतरी एक विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन आमच्याकडे यावी. मी एकेक पत्र आधी लिहिलं आहे तसं वाचीन आणि मग माय बोलली होती तसं. रोज दहा झाली तरी दीड महिन्यात संपतील. राहण्या-जेवण्याची सोय घरी आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
दारव्हा तालुक्यातली एक निवृत्त शिक्षिका

ता. क. ट्रंक न्यायला कोणी आलंच तर 1970 चा गठ्ठा आधी मला विचारून सोडा. नासर गेल्याच्या वेळच्या पत्राची खालची घडी झटकू नका. तिच्यात कापूस आहे, बाबांच्या नजरेतून सुटलेला, आणि दादानं तो काढलेला नाही.